करंजाखालची अळंबी

मी करंजाच्या पाचोळ्यातून बोलतेय. मी एक अळंबी. टोपी शर्टाच्या बटणाएवढी, देठ घोड्याच्या केसासारखा काळा. कुत्र्याची छत्री म्हणून तुम्ही मला ओलांडून जाता. पण वर दिसते ती मी थोडीच. माझे खरे अंग म्हणजे पाचोळ्याच्या आत पसरलेले पांढरे तंतू. ते वाळली पाने जिरवतात, त्यांची माती करतात आणि ती करंजालाच परत मिळते.

कळंबच्या अलीकडे माळाच्या उतारावर ही झाडे आबारावांनी लावली. पाच उन्हाळे खांद्यावरून पाणी वाहिले. पाचोळ्याला मात्र कधी कुणाला काडी लावू दिली नाही. म्हणूनच वाऱ्याबरोबर आलेला माझा बीजाणू इथे रुजला.

इथल्या पावसाचा भरवसा नाही. त्याने ताण दिला की मी आक्रसते, काडीसारखी पडून राहते. पाणी लागले की थोड्या वेळात पुन्हा उभी. ऊन मला सोसते. आग नाही. तंतूच जळाले तर उठणार कोण?

गेल्या श्रावणात आबाराव गेले. उद्या त्यांचा पहिला स्मृतिदिन. बुद्धवंदना इथेच, झाडांखाली घ्यायची ठरली. म्हणून आज सकाळी त्यांचा मुलगा राजपाल खराटा घेऊन आला. पाऊस तीन आठवडे नव्हता, मी सुकून पडले होते. खराटा फिरला तसे माझे तंतू तटातट तुटले. बाबांची जागा लख्ख दिसावी म्हणून त्याने सगळा पाचोळा ओढून ढीग रचला. मी ढिगाच्या माथ्यावर आले.

“घरात झाडू दिला की कंबर धरते यांची,” सून श्रावस्ती सासूला म्हणाली. मालनबाई हसल्या नाहीत. वर्षभर त्या फारशा बोलतच नव्हत्या.

राजपालने काडेपेटी काढली. तेवढ्यात श्रावस्तीने चहाला हाक मारली. काडेपेटी खिशात गेली, पण माझा जीव तिच्यातच अडकून राहिला.

मालनबाई पाणी प्याल्या. तांब्यात उरलेले त्यांनी सवयीने पाचोळ्यावर ओतले. ही सवय आबारावांची. ते पाणी माझ्यावर पडले.

चहा झाला, सतरंजी कुठे अंथरायची यावर दोघा नवराबायकोंचा वाद झाला. तोवर मी हळूहळू देठ सरळ केला, टोपी उघडली. राजपाल काडी ओढणार, तोच मालनबाईंनी त्याचा हात धरला.

“आधी हे बघ.”

तो वाकला. “सकाळी तर मेलेलं होतं हे.”

“वाळलं होतं. तुझे बाबा सांगायचे, पाणी लागलं की उठतं; मीच खरं धरलं न्हाय. काडी लावू नको.”

“आई, उद्या लोकं काय म्हणतील?”

“म्हणू दे. पाचोळ्यावरच सतरंजी टाक.”

त्याने काडेपेटी पुन्हा खिशात टाकली. ओंजळी भरभरून पाचोळा पुन्हा बुंध्याशी पसरला. मला कुठे ठेवावे हे न कळून बराच वेळ तळहातावर धरून राहिला. शेवटी त्याने मला पाचोळ्यातच ठेवले.

तुटलेले तंतू मी आता जोडू पाहतेय. पण धास्ती गेलेली नाही. उद्या आबारावांच्या फोटोपुढे मेणबत्त्या लागतील आणि खाली सगळा कोरडा पाचोळा. जरूर लावा, तो त्यांचा मान आहे. फक्त मेणबत्तीखाली एक ताट ठेवा. आणि निघताना तांब्यात घोटभर पाणी उरले, तर ते कुठे ओतायचे हे मालनबाईंना विचारा.