दार वाजलं आणि मी बंद झालो

मी एक जुना, पाठीला कुबड असलेला टीव्ही आहे. मित्रांनो, माझ्यासारखे आता तुमच्या घरात दिसत नाहीत. तुमचे टीव्ही भिंतीला पालीसारखे चिकटलेले असतात. मला मात्र ऐसपैस टेबल लागायचं, आणि डोक्यावर भरतकामाचा रुमालही.

कारखान्यात माझी जुळणी झाली. अमरावतीच्या एका दुकानात काही दिवस काचेमागे उभा राहिलो आणि तिथून मोतीराम मला एसटीने चांदूर बाजारला घेऊन आले. पाटबंधारे खात्यातला हा कडक माणूस वाटभर मला मांडीवर धरून बसला होता. घरी त्यांची बायको सुंदराबाई आणि लेक नीलम दारातच उभ्या होत्या. काय थाट होता तेव्हा माझा! अर्धी गल्ली माझ्यासमोर मांडी घालून बसायची.

पुढे घरोघरी टीव्ही आले आणि माझ्यासमोर मायलेकी तेवढ्या उरल्या. ‘उंबऱ्याबाहेरची’ बघत त्या जेवायच्या. भुताखेतांची मालिका ती. विहिरीत पडून मेलेली एक मुलगी आईच्या घरी परतायला निघते, पण दरवेळी कोणीतरी तिला वाटेत अडवतं. वर्षानुवर्षं हेच चालू. मोतीराम दाराबाहेरच्या ओट्यावरून कुरकुरत, "भूतं पाहून राहिल्या मायलेकी!" नीलम हसून म्हणे, "पायजो आई, ते घरी येतेच एक दिवस."

मालिकेचं दुसरं पर्व संपलं आणि तिसरं सुरू व्हायच्या आत नीलम तापाने गेली.

तिसरं पर्व आलं. पहिले काही भाग असे रंगले, की माझ्याच अंगावर काटा येई. मग कोण जाणे काय बिनसलं. नटी बदलली. मध्येच एक नागीण शिरली, मग तिची जुळी बहीण. कशाचा कशाला मेळ राहिला नाही. लोकांनी बघणं सोडलं, सुंदराबाईंनी नाही. रोज त्या माझ्यासमोर बसत, आपल्या ताटाशेजारी नीलमचं ताट वाढत आणि ती मेलेली मुलगी कधी दिसते याची वाट बघत.

एका संध्याकाळी ती दिसली. आईच्या दारात उभी होती. तिने कडी वाजवली आणि आतून आईची पावलं ऐकू आली. सुंदराबाईंचा घास हातातच राहिला. नेमके तेव्हाच मोतीराम पाणी प्यायला आत आले आणि त्यांना ते ताट दिसलं.

"हे काय? मेलेल्याईले ताट वाढून राहिली तू? माह्या बापानं बुद्धाची दीक्षा घेतली तवाच हे सारं सोडलं ना आपुन!"

"नैवेद्य नोहे तो," सुंदराबाई म्हणाल्या. "पोरीचं ताट हाय. हातच वाढते, मी काय करू?"

मोतीरामांनी माझं बटण दाबलं. मी काळा झालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी तोच भाग पुन्हा लागणार होता, तर लाइट गेली. संध्याकाळी लावलं तर नागिणीचं लग्न! त्या मुलीचं नावही कोणी घेईना. लवकरच मालिकाच गुंडाळली. सुंदराबाईंनी शेजारच्या रागिणीला विचारलं, तर ती म्हणाली, "काकू, ते फालतू झाल्यापासून आमी कोनीच नाई पायलं." तिने मोबाइलवर शोधलं. तिथे पहिली दोनच पर्वं होती.

सुंदराबाई अबोल झाल्या. आपण काय केलं, ते मोतीरामांना हळूहळू उमगलं. भूत न मानणारा तो माणूस चौकात, चहाच्या टपरीवर, भाजीबाजारात विचारत फिरला, "त्या पोरीले मायनं घरात घेतलं काय?" लोक हसले. अखेर एके दिवशी घरी येऊन ते म्हणाले, "घेतलं म्हने. दार उघडलं मायनं."

"कोनं सांगतलं?"

मोतीरामांना एकही नाव सुचलं नाही.

"असू द्या," सुंदराबाई म्हणाल्या. नीलमचं ताट त्यांनी घासून, पुसून माळ्यावर ठेवलं आणि पुन्हा वाढलं नाही. मलाही त्यांनी पुन्हा लावलं नाही. माझी पिक्चर ट्यूब गेली की नाही, हे बघण्याचीही गरज कोणाला वाटली नाही. मीही माळ्यावर आलो.

मित्रांनो, जुन्या वस्तूंवरची धूळ पुसत जा, असं मी सांगणार होतो. पण धुळीने काही बिघडत नाही. तुमच्या घरात कोणी एखादी भिकार मालिका डोळ्यांत प्राण आणून बघत असेल, तर त्या माणसाला हसू नका. बटण दाबण्याआधी जरा त्याच्या शेजारी बसा.

इथे माळ्यावर मी आणि ते ताट शेजारी शेजारी आहोत. ताटाला मी काय सांगू? दार उघडलं का, ते मलाही माहीत नाही.