मुंडक्यांची पेटी

बंगालमधल्या कृष्णनगरच्या घुर्णी वस्तीत मातीची हुबेहूब माणसं घडवणारा निबारण पाल जमीनदार हरलालबाबूंच्या जागेत राहायचा. त्यामुळे लंडनच्या प्रदर्शनासाठी ‘बंगाली जमीनदार’ मागवला गेला, तेव्हा चेहरा कुणाचा, हा प्रश्नच नव्हता. बाबू आठवडाभर हनुवटी वर करून बसले. ‘धोब्या’साठी गोकुळ धोबी बसला, तोही कपडे वाळेपर्यंतच.

माल पाठवताना मुंडकी एका पेटीत, धडं दुसऱ्या पेटीत, भोवती पेंढा, अशी घुर्णीची रीत. चिठ्ठी कुणी लावत नसे. कुठलं डोकं कुठल्या धडाचं, हे न कळणारा माणूस घुर्णीत जन्मलाच नव्हता.

त्यानंतर वर्षभर बाबूंचा मुक्काम लंडनातच होता; कृष्णनगरात ते फक्त जेवायला असत. “राणीसाहेब माझ्यासमोर दोनदा थांबल्या,” असं ते भेटेल त्याला सांगत.

मग एका संध्याकाळी शाळेत एका इंग्रज साहेबाने पडद्यावर दिव्याच्या उजेडात प्रदर्शनाची चित्रं दाखवली. बाबू पहिल्या रांगेत, मांडीवर वाटायला आणलेल्या सरपुरिया मिठाईचा डबा.

“बंगालचा उमदा जमीनदार!” साहेब म्हणाला.

गादी, हुक्का, जरीची शाल आणि वर गोकुळचं तोंड.

“अगं बाई, हा तर आपला गोकुळ!” मागून कुणीतरी ओरडली.

“धुवायला आलेली शाल अंगावर चढवली वाटतं मेल्यानं!”

पुढचं चित्र ‘धोबी’. गुडघाभर पाण्यात, पंचा नेसून, हनुवटी वर करून हरलालबाबू कपडे आपटत होते. हसणाऱ्यांनी पटकन तोंडावर हात दाबले. निबारणने मनातल्या मनात बिऱ्हाड बांधायला घेतलं.

“जाणकारांच्या मते,” साहेब म्हणाला, “धोब्याच्या चेहऱ्यावर पिढ्यान् पिढ्यांचे कष्ट दिसतात, आणि जमीनदाराच्या चेहऱ्यावर खानदान. हे चेहरे खऱ्या माणसांचे आहेत का?”

बाबू ताडकन उठले. “छे छे, साहेब! कारागिराच्या मनातले. मी तर कधी बसलोच नाही!”

बाहेर पडताना त्यांनी निबारणला भिंतीशी गाठलं. “अब्रू घालवलीस माझी! उद्याच्या उद्या घर खाली कर.”

“करतो, बाबू. पण लोक कारण विचारतील. काय सांगू? तो पाण्यातला तुम्ही होतात म्हणून?”

बाबूंनी डब्याचं झाकण उघडलं. मग एक सरपुरिया काढून त्याच्या हातावर ठेवला.

“राहा बाबा. पावसाआधी छप्पर तेवढं शाकारून घे.”

तेवढ्यात शेजारून गोकुळ गेला. हनुवटी वर करून.