ताडाच्या जागी

फोन वाजला तेव्हा फ्लॉसी अंगणात बोंबील उलटत होती. सकाळपासून नंदाखालला लग्नघरी होती, नुकतीच परतली होती.

"आय, ताड कुठं गेला?" समुद्रातून, होडीवरून तिचा मुलगा फेबियन ओरडत होता. "नांगराची खूणच दिसत नाय!"

फ्लॉसीने किनाऱ्याकडे पाहिलं. ताडाच्या जागी ताजा बुंधा, आणि भोवती नव्या रिसॉर्टच्या पांढऱ्या छत्र्या.

तो ताड काही शोभेचा नव्हता. एका वादळात शेंडा उडाला, तरी खोडाला कुणी हात लावला नाही. होडीतून पाहताना चर्चचा मनोरा त्या खोडाआड गेला, की खाली मऊ चिखलाची पट्टी. तिथेच नांगर टाकायचा. जरा इकडेतिकडे झालं, की दोन्ही अंगांना खडक. नवी सून होती तेव्हा सासूने तिला होडीत बसवून हे दाखवलं होतं. वल्ह्यावर नवरा कॉन्रॅड होता, गालातल्या गालात हसणारा. आता तो नव्हता. होडी होती, घरातली एकुलती एक. आणि आज अमावास्या. रात्री सुकती लागली की पाणी पार खाली जाणार आणि चुकीच्या जागी उभी राहिलेली होडी खडकावर बसून फुटणार.

"खाडीत नेतो, आय."

"नाय न्यायची! थांब तिथंच."

तिने भिंतीला टेकवलेलं कॉन्रॅडचं वल्हं उचललं, दोरीवरचं लाल लुगडं ओढलं आणि तरातरा निघाली. रिसॉर्टचा मॅनेजर परेश आडवा आला.

"आंटी, इकडे गेस्ट बसतात."

"ताड कोनी तोडला?"

"वाळलेलाच होता हो! कुणाच्या डोक्यात पडला असता तर? आणि बोट खाडीत लावा ना, काय फरक पडतो?"

"तू गाडी तिकडं लांब बोळिंजला ठेव आणि रोज चालत ये. मग मीही होडी खाडीत लावते."

छत्रीखालची एक बाई खुदकन हसली. फ्लॉसी बुंध्यावर चढली. गुडघा कळवळला, तिने त्याला जुमानलं नाही. वल्ह्याच्या टोकाला लुगडं बांधून तिने ते उभं धरलं. मावळतीचं ऊन थेट त्या लाल रंगावर पडलं.

"दिसलं काय रे?" ती फोनवर ओरडली. "मनोरा माझ्या मागं घे!"

"दिसलं! तू हलू नको!"

"मी कशाला हलू?"

होडी संथपणे सरकली, डावीकडे वळली, थांबली. पुढचा नांगर पडला. मग मागचा, होडी रात्री फिरून खडकावर जाऊ नये म्हणून. फेबियनने दोर ताणून पाहिले.

"धरला, आय! चिखलात पक्का बसला!"

फ्लॉसीने श्वास सोडला, पण वल्हं सोडलं नाही. बुंध्यालगतच्या वाळूत ते खोल रोवलं आणि भोवती दगड रचू लागली.

"आंटी, हे सकाळी काढावं लागेल," परेश म्हणाला. "मालक ऐकणार नाहीत."

"काढ."

"मग?"

"मग संध्याकाळी मी स्वतः इथं उभी राहीन. रोज. तुझ्या गेस्टना सांग, हा आमचा नवा ताड." तिने शेवटचा दगड ठोकून बसवला. "आणि हा वाळलेला नाय."