गोठलेला बांध

ऑगी नुकता कुठे झोपला होता आणि पहिला बार उडाला. पाळण्यातल्या त्या तान्ह्या जिवाचे दोन्ही हात झटक्यात वर गेले, मुठी उघडल्या, ओठ थरथरले, आणि मग सगळा चेहराच रडण्यात बुडाला. मारिटनं त्याला उचलून खांद्यावर घेतलं आणि खिडकीशी गेली. कापून नेलेल्या मक्याच्या खुंटांपलीकडे, शेजारच्या वेंडेलच्या नेमबाजीच्या रेंजवर लाल निशाण चढलेलं होतं. म्हणजे आता उजेड असेपर्यंत सुटका नाही.

"लागले बघ कामाला," तिचा नवरा डेल बुटांच्या नाड्या बांधत म्हणाला. क्रीमरीत, म्हणजे लोण्याच्या कारखान्यात, त्याची दुपारची पाळी होती.

"तू बोल ना एकदा त्यांच्याशी."

"काय बोलू? त्यांची जमीन, त्यांच्या बंदुका. आणि टिली झाली, तू दवाखान्यात होतीस, तेव्हा आपल्या रस्त्यावरचं बर्फ कुणी ओढलं? पहाटे आपणहून येऊन. त्या माणसाला मी सांगू, की तुमचा रविवार बंद करा?"

"बंद करा नाही म्हणत मी. आवाजाचंही एक वेळ सोड. टिलीला रविवारी दाराबाहेर सोडायला मला भीती वाटते, एवढंच सांग त्यांना."

"बांध आहे की मध्ये, मारिट. डोक्यावरून हातभर जाईल एवढा. दाखवला होता ना त्यांनी तुला?" डेलनं ऑगीच्या टकलावर ओठ टेकले आणि तो गेला.

दाखवला होता, खरं आहे. रेंज बांधली त्याच उन्हाळ्यात वेंडेलनं तिला स्वतः नेऊन तो मातीचा बांध दाखवला होता. काळी, भुसभुशीत माती. "बघ पोरी, लोणी आहे लोणी," असं म्हणून त्यानं हात कोपरापर्यंत आत खुपसला होता. "गोळी आत गेली की झोपलीच समज."

त्यानंतर मारिट त्याच्याकडे तीनदा तक्रार घेऊन गेली. आता, या भागात तक्रार घेऊन कुणी मोकळ्या हातांनी जात नाही. तिनं दर वेळी लिंबाच्या वड्यांचा ट्रे नेला. वेंडेलनं कॉफी ओतली. मग त्याच्या गुडघ्याची चौकशी झाली, हरणांची झाली, चर्चच्या गळक्या छपराची झाली. दुसरा कप संपता संपता तिनं विषयाला हात घातला, "तुमच्या बंदुकांचा आवाज आमच्याकडे बराच येतो हं."

"येणारच!" वेंडेल खूश होऊन म्हणाला. "वारा तिकडचा असला की काय खणखणीत येत असेल!"

त्यावर काय बोलणार? तिनं वडी संपवली आणि घरी आली. ट्रे रिकामा पाठवायचा नाही ही इथली रीत, म्हणून आठवड्याभरात तो हरणाच्या सॉसेजनं भरून परत आला. वरून जावयाच्या, ब्रॉडीच्या, तोंडी निरोप : सासरे म्हणतात, शेजारीण असावी तर अशी. तिनं वड्या नेल्या त्या नाराजीच्या. त्यांनी खाल्ल्या त्या कौतुकाच्या. दोष कुणाला द्यायचा?

शेवटी तिनं शेरीफच्या ऑफिसात फोन केला. रुस्क नावाच्या डेप्युटीनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"एखादी गोळी तुमच्या हद्दीत आली का?"

"अजून तरी नाही."

"मग मला काही करता येत नाही, बाई. स्वतःच्या जमिनीवर नेम धरायला इथे बंदी नाही. एक जरी आली तरी लगेच कळवा."

"आणि ती पहिलीच माझ्या पोरीला लागली तर?"

"मलाही लहान मुलं आहेत," एवढंच रुस्क म्हणाला.

त्या वर्षीचा हिवाळा विचित्र निघाला. जानेवारी अर्धा सरला तरी बर्फ पडलं नाही. थंडी मात्र हाडं फोडणारी. एरवी बर्फाच्या गोधडीखाली जमीन गपगुमान झोपून असते. यंदा ती उघडीच पडली आणि खोलवर गोठत गेली. मारिटच्या घराचा जमिनीखालचा पाण्याचा नळ फुटला. चर्चच्या आवारात थडगं खणता येईना, म्हणून गावातल्या एका म्हाताऱ्याला उन्हाळ्याची वाट पाहत शवागारात ठेवावं लागलं.

टिलीला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिच्या दृष्टीनं घरामागचं तळं गोठून काचेसारखं झालं होतं आणि बर्फ झाडायचं कामही नव्हतं. पाच वर्षांची ती, पायांत स्केट आणि पुढ्यात दुधाचा पालथा क्रेट; तो ढकलत ढकलत ती तासन् तास घसरत राही. फक्त रविवारी निशाण चढलं की तिची रवानगी घरात.

"आज पण नाही?" खिडकीच्या काचेला नाक चिकटवून तिनं विचारलं.

"आज पण नाही."

"मिस्टर वेंडेलचा रविवार असतो. मग माझा का नसतो?"

मारिटच्या खांद्यावर ऑगी हुंदके देत होता, घरातली हवा कोंदट झाली होती, पोरीच्या नाकाचा ठसा काचेवर उमटला होता. डेल म्हणतो ते खोटं थोडंच आहे? बांध आहे मध्ये. कोपरापर्यंत हात गेला होता त्यात.

"चल," ती म्हणाली. "थोडा वेळच हं."

टिलीनं आनंदानं मारलेली किंकाळी त्या दिवशीच्या कुठल्याही बारापेक्षा मोठी होती.

तळं उताराच्या पायथ्याशी, हद्दीला लागूनच. वेंडेलचा बांध तिथून दिसायचा, त्याची पाठ आणि थोडी कड. ऑगीला छातीशी झोळीत बांधून मारिट काठावर उभी राहिली. पलीकडून आवाज येत होते. ठाप्, आणि मागोमाग नेम धरायच्या लोखंडी पाटीचा टण्. ठाप्, टण्. प्रत्येक टण्‌ला तिचे खांदे थोडे सैल पडत. लागली पाटीला. ही पण लागली.

मग एक ठाप् आला आणि टण् आलाच नाही.

त्याच्या जागी काहीतरी कण्हत आलं. झूंऽऽई. रागावलेली गांधीलमाशी कानाजवळून जावी तसं, पण फार मोठी. तळ्याच्या मध्यावर टच् झालं आणि बर्फाचा पांढरा भुगा उडाला.

टिली क्रेटला धरून उभी होती. "आई, दगड कुणी मारला?"

मारिट धावली. दोन पावलांतच तिचा पाय सरकला. ऑगीला कवटाळून ती गुडघ्यांवर आपटली, तशीच रांगत पुढे गेली, टिलीचा कोट मुठीत धरला आणि तिला फरफटत काठाच्या उंचवट्याआड आणलं. दोन्ही पोरांवर पाठ वाकवून ती पडून राहिली. वरून पुन्हा ठाप्. टण्.

"आई, तू माझे केस ओढतेयस."

"गप्प. गप्प राणी. हलू नकोस."

फोन स्वयंपाकघरात होता. ओरडून उपयोग नव्हता, तिकडे सगळ्यांच्या कानांवर आवाज अडवायची कवचं. घर उताराच्या माथ्यावर, मधला सगळा उतार उघडा. बार वाजतच होते. मग ते थांबले. बंदुका भरत असतील. किती वेळ लागतो भरायला? तिला माहीत नव्हतं. तिनं टिलीला काखोटीला मारलं, स्केटसकट, आणि उतार चढायला लागली. पाठ एवढी उघडी, एवढी रुंद तिला कधी वाटली नव्हती. घराच्या भिंतीआड पोचेपर्यंत तिनं श्वासच घेतला नव्हता बहुतेक.

मग मात्र तिला राग आला.

तिनं दोघांना ट्रकच्या मागच्या सीटवर बांधलं, वळसा घेऊन सडकेनं निघाली आणि वेंडेलच्या वाटेला लागल्याबरोबर हॉर्नवर तळहात दाबला तो उचललाच नाही. सडक नेमबाजांच्या पाठीमागून येते. वेंडेलनं वळून पाहिलं, हात वर केला, "थांबा!" म्हणून ओरडला. बंदुका मोकळ्या करून टेबलावर गेल्या. एवढ्या बाबतीत तो कडक होता.

"काय गं पोरी? आग लागली का कुठे?"

"तुमची गोळी आमच्या तळ्यावर आली. टिली बर्फावर होती."

वेंडेलचं हसू तोंडावर तसंच राहिलं, काढायचं विसरल्यासारखं. ब्रॉडी मात्र मोठ्यानं हसला. "अगं, थंडीत तळं तडकतं. बंदुकीसारखा आवाज होतो. लहानपणी आम्हीही घाबरायचो."

"मी याच गावात वाढलेय, ब्रॉडी. तळं तडकलेलं मला कळतं."

"तो बांध बघितलास का तू? रणगाडा अडेल त्याला!"

"अडेल काय, अडतोच," वेंडेल म्हणाला. आता त्याच्या आवाजाला धार आली होती. "मी माझ्या हातांनी घातलाय तो. बंदूक धरायला लागलो तेव्हा तुझी आईसुद्धा शाळेत होती. माझ्या बांधातून गोळी बाहेर जाते म्हणतेस?" त्यानं शेडच्या भिंतीला टेकलेलं फावडं उचललं. "चल. दाखवतो तुला पुन्हा."

लंगडत तो बांधापाशी गेला, फावडं उगारलं आणि जोरात हाणलं.

खण्ण.

फावडं उसळून त्याच्या हातातून सुटलंच. त्यानं ते उचललं, जरा बाजूला हाणलं. खण्ण. वर हाणलं, खाली हाणलं. कुठेच माती उडेना. जिथे नेहमी पाटी हुकलेली गोळी रुतायची तिथे करड्या दगडावर उमटावेत तसे ओरखडे होते, तिरपे, वर चढत गेलेले. वेंडेलनं हातमोजा काढला आणि एका ओरखड्यावर बोट ठेवलं. दरवर्षी हा बांध बर्फाखाली असायचा आणि आत मऊ राहायचा. यंदा त्याच्यावर पांघरूणच नव्हतं, आणि एकाही रविवारी वेंडेलनं तो चाचपून पाहिला नव्हता.

तो वळला तेव्हा त्याच्या चेहऱ्याकडे बघवेना.

"कुठे होती ती?" त्यानं विचारलं.

मारिटनं त्याला ट्रकमधून तळ्यावर नेलं आणि उतरताना ऑगीला पुन्हा झोळीत घेतलं. ब्रॉडी मागून आला. बर्फावर लांबट पांढरी जखम होती आणि तिच्या टोकाच्या रोखानं, पुढे थोड्या अंतरावर, दुधाचा क्रेट तसाच पडलेला. वेंडेल त्या चरापाशी गुडघ्यांवर बसला. चराकडे पाहिलं, क्रेटकडे पाहिलं. उठताना त्याचा गुडघा वाकेना. एरवी मारिटनं हात दिला असता. तिनं ऑगीला नुसतं घट्ट धरलं.

"बाबा, ऐका," ब्रॉडी हळू आवाजात म्हणाला. "कुणाला लागलं तर नाही ना? आपसात मिटवू. डेल काय परका आहे का? हे बाहेर गेलं तर रेंज जाईल, बंदुका जमा होतील—"

"फोन दे तुझा."

"बाबा—"

"दे म्हणतो ना!" वेंडेल बर्फावर उभा राहूनच बोलला. "रुस्क? वेंडेल बोलतोय. माझ्या रेंजवरची गोळी हद्द ओलांडून गेली. होय, मीच सांगतोय. नाही, कुणाला नाही. देवाची कृपा... नाही. तू ये बाबा आधी."

"ती माझ्या बंदुकीतली होती," ब्रॉडी पुटपुटला. "शेवटची माझीच होती."

"बांध माझा आहे."

रुस्क येईपर्यंत तिघं काठावर उभे राहिले. टिली ट्रकच्या काचेवर श्वास सोडून चित्रं काढत होती. कुणी कुणाकडे पाहत नव्हतं. मारिटला वाटत होतं, वेंडेल आता काहीतरी म्हणेल, माफी मागेल, म्हणजे आपल्यालाही काहीतरी म्हणता येईल. त्यानं नुसता हातमोजा परत चढवला.

रुस्कनं चराचे फोटो काढले, बांध पाहून आला, मग टोपी मागे सरकवून तिच्यापुढे थांबला. "वेंडेलनं कबूल केलंच आहे. पण तक्रार तुमची लागते. करायचीय?"

इथे अशा वेळी काय म्हणतात हे चौघांनाही माहीत होतं. असू दे, झालं ते झालं, असं म्हणायचं, आणि संध्याकाळी कुणीतरी ट्रे घेऊन यायचं. ब्रॉडी तिच्याकडे डोळ्यांनी विनवत होता. वेंडेल खाली बघत होता. त्याचे कान थंडीनं लालभडक झाले होते आणि तिला त्या क्षणी त्याची फार दया आली. ऑगीनं झोपेत तिच्या कोटाचं बटण तोंडात घेतलं होतं.

"करायचीय," ती म्हणाली. "लिहा."

वेंडेलनं मान डोलावली, एकदाच, जणू फावड्याचा तोच आवाज त्यानं पुन्हा ऐकला. मग ब्रॉडीच्या दंडाला धरून तो कुंपणाच्या बाजूनं घराकडे निघाला. मागे वळला नाही. या घराकडे तो आता कधी वळेल असं तिला वाटेना, आणि डेलला हे कसं सांगायचं तेही कळेना.

ट्रकची काच खाली सरकली. "आई! झालं का तुमचं? मी आता जाऊ?"

सूर्य उतरणीला लागला होता, पण तळ्यावर अजून उजेड होता. मारिटनं रुस्ककडे पाहिलं. तो वही मिटत म्हणाला, "जाऊ द्या तिला. मी थांबतो जरा वेळ."

मारिट ट्रकपाशी गेली, गुडघ्यांवर बसली आणि टिलीच्या स्केटच्या नाड्या आवळायला लागली.

"घट्ट नको," टिली म्हणाली. "नेहमीसारख्या बांध."