बॉनेटचा शेक

नेवासा.

डबल बेल दिली, एसटी हलली, आणि कंडक्टर अश्विनीच्या ओटीपोटात कुणी ओला कपडा पिळावा तशी कळ उठली. पिळला. सोडला. परत पिळला. गळ्यात तिकिटाचं मशीन, एक हात दांडीला, आणि गाडीतल्या प्रत्येकाला आत्ताच सुट्टे हवेत.

बसायचं नाही. बसली की उठता येणार नाही. गेल्या महिन्यात ती अशीच श्रीरामपूरला उतरली होती. फेरी रद्द. साहेब म्हणाले, "लांबची लाइन झेपत नसेल तर लिहून द्या, टेबलाचं काम देतो." दीड वर्ष अर्ज करून मिळवलेली ही शिर्डीची लाइन. आज उतरली तर गेली.

टाकळीभान.

"ओ बाई, टाकळीभान मागं गेलं की!"

"मग आधी ओरडायचं ना! तोंडात गुळणी धरलीय का?"

अशी ती कधी बोलत नाही. गाडी थांबवली, माणूस उतरवला, परत बेल.

दुसऱ्या सीटवर छबूबाई नावाची म्हातारी, मांडीवर पिशवी घेऊन, मघापासून तिलाच न्याहाळत होती.

"पोरी, पाळी आली व्हय?"

अख्ख्या गाडीची डोकी वळली.

"मावशी, हळू..."

"हळू काय त्यात? चोरी हाय का?" पिशवीतून पुडी निघाली. "ओवा-गूळ हाय. चावून खा, वर कोमट पानी पी. अन् शेक घे. शेकाबिगर न्हाई उतरायचं ते."

"गाडीत शेक कुठून आणू?"

ओवा जिभेला झोंबला. डोळ्यांत पाणी. खिडकीकडे तोंड. परत इकडे. कुठे बघायचं?

"इकडं माझ्याशेजारी बॉनेटवर बसा, इंजिन तापलंय," ड्रायव्हर शलमोनमामा रस्त्यावरून नजर न काढता म्हणाले.

"मामा, तिथून लोकांना मीच उठवते."

"आज मी बसवतोय. माझी चादर घ्या, चौपदरी करा, नाहीतर भाजंल. आमच्या हेलनला पंचवीस वर्षं रबरी पिशवी भरून देतोय मी. मला काय नवीन?"

ती बसली. इंजिनची धग चादरीतून कंबरेत शिरली. पीळ सैल झाला. थोडा. परत घट्ट. परत सैल.

श्रीरामपूर.

पंधरा मिनिटं. कंट्रोलरच्या खिडकीत गाडीची नोंद करायची. मागच्या फलाटावर नेवाशाची गाडी सुटायच्या बेतात. तासाभरात घर, अंथरूण. कळ कमी झाली होती. गेली नव्हती. शिर्डीपर्यंत टिकेल? आणि परतताना?

"चेहरा उतरलाय, मॅडम," कंट्रोलर म्हणाला. "पुढं जाताय ना? का गेल्या वेळेसारखं..."

डोकं दुखतंय म्हणावं. पित्त म्हणावं.

"पाळी आलीय," अश्विनी म्हणाली. "पोट दुखतंय. गाडी नेतेय. लिहा वेळ."

कंट्रोलर हातात असलेला पेन शोधू लागला.

बाभळेश्वर.

आता पैसे हातोहात पुढे येत होते, तिकिटं हातोहात मागे जात होती. एका टोपीवाल्याने टोकलंच, "बाई, आम्हाला उठवता अन् तुम्ही बरं बसता बॉनेटवर?"

"का रं?" छबूबाई गर्रकन वळली. "तुला पन आली का?"

गाडी फुटली हसून. शलमोनमामा आरशात हसले. अश्विनीही हसली, आणि हसल्यावर जास्त दुखलं.

राहात्याच्या अलीकडे कळ परत आली, मोठी. तिने चादर पोटाशी गच्च धरली, दात दाबले, कळ अर्धी ओसरेपर्यंत थांबली, आणि मग मागच्या बाकापर्यंत जाईल अशा आवाजात ओरडली,

"राहाता! राहाता कोण आहे? उठा लवकर!"