पाणघोडा दहाव्या मजल्यावर

भिंगरीचे बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे आणि रात्री लेकीला निजवताना गोष्टही लिफ्टचीच सांगायचे. एका पाणघोड्याला दहाव्या मजल्यावर जायचं असतं. लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबते, दार उघडतं आणि समोर काहीतरी भलतंच असतं. कुठे चष्मा हरवलेलं घुबड, कुठे टपालपेटीत संसार मांडलेली खार.

आता बाबा निवृत्त झाले होते आणि भिंगरी कापडाच्या छापखान्यात नक्षी काढत होती. तीच ती पानं-फुलं काढून जीव विटला, तेव्हा तिने मनाशी पक्कं केलं, या पाणघोड्याचं पुस्तक करायचंच. कामावरून आली की ती जेवणाच्या टेबलावर रंग मांडून बसे. पहिले पाणघोडे उशीसारखे झाले, नंतरचे बटाट्यासारखे. कागद फाडत, पुन्हा काढत अखेर एक असा उतरला की बाबा चष्मा लावून म्हणाले, "हां, हाच तो लेकाचा!"

चित्रं घेऊन ती एका प्रकाशकाच्या कचेरीत गेली. संपादकबाई एकेक कागद बघत गेल्या, मध्येच हसल्या, शेवटचा कागद मात्र त्यांनी उलटून पाहिला.

"छान आहे. पण दहाव्या मजल्यावर काय आहे?"

भिंगरीलाच ते ठाऊक नव्हतं.

"मला काय विचारतेस?" घरी बाबा म्हणाले. "सहाव्या मजल्यावर तू घोरायला लागायचीस. पुढचं सांगायची वेळच आली नाही कधी."

"म्हणजे गोष्टीला शेवटच नाही?"

"तू झोपलीस की झाला शेवट."

दुसरी कुणी असती तर तिने हात टेकले असते. भिंगरीने शेवट स्वतःच रचला. दहाव्यावर गच्ची असते, तिथे मोठं तळं असतं आणि पाणघोडा त्यात उडी मारतो.

बाबांनी नाक मुरडलं. "तळंच हवं होतं तर खालीच बरा होता की! वर कशाला तडमडला?"

"मग तुम्ही सांगा."

"असं खुर्चीत बसून नाही सुचत मला."

ठीक आहे, म्हणाली ती. रविवारी सकाळी तिने इमारतीतली सगळी पोरं गोळा केली आणि बाबांच्या पुढ्यात आणून बसवली.

"अगं, हे काय मांडलंयस?"

"गोष्ट सांगा. ही मंडळी झोपणार नाहीत."

पहिले पाच मजले झकास गेले. सहाव्यावर मात्र बाबांनी जुन्या सवयीने आवाज खाली आणला, शब्द लांबवले. पोरं टक्क जागी.

"मग?" पुढचे दात पडलेली एक मुलगी दरडावून म्हणाली.

बाबांनी लेकीकडे पाहिलं. ती हाताची घडी घालून दाराला टेकून उभी होती. सुटका नव्हती. सातवा, आठवा कसाबसा पार पडला. नवव्यावर बाबा पाणी प्यायले.

"दहाव्यावर दार उघडलं. आणि समोर..."

पोरं गुडघ्यांवर पुढे सरकली.

"समोर एक उंदीर. खाली जायचं म्हणून कधीचा ताटकळतोय बिचारा. पण इतका हलका की बटणावर उड्या मारल्या तरी ते दबेना."

"मग पाणघोड्याने दाबलं!" दात पडलेली ओरडली. "नाकाने!"

"नाकानेच," बाबा म्हणाले. त्यांचं त्यांनाच नवल वाटत होतं. भिंगरीची पेन्सिल तोवर कागदावर धावू लागली होती.

संपादकबाईंना शेवट आवडला. फक्त त्या म्हणाल्या, "पाणघोड्याऐवजी ससा केलात तर? ससा चांगला खपतो."

"ससा आणि उंदीर मिळून बटणावर उड्याच मारत बसतील," भिंगरी म्हणाली. "पाणघोडा राहील. नाहीतर मी दुसरीकडे दाखवते." आणि ती खरोखरच कागद गोळा करू लागली.

बाई हसल्या. "बसा हो. ठेवा ते कागद इथेच."

मुखपृष्ठावरून बाप-लेकीचं जुंपलं.

"माझं नाव कशाला? मी नुसत्या थापा मारल्या, राबलीस तू."

"थापा तुमच्या, रंग माझे. दोन्ही नावं येणार."

दोन्ही आली. पुस्तक हातात पडलं तेव्हा बाबांनी ते उभ्या उभ्या वाचलं, "कान जरा मोठे झालेत," एवढंच म्हणाले आणि चपला घालून शेजाऱ्यांना दाखवायला निघाले. ते परत येईपर्यंत भिंगरीने टेबल पुसून दुसऱ्या गोष्टीसाठी कोरा कागद टाचणीने फळीवर लावला होता.