सरकारी वकिलांची मोटार

चिंचेचा कोळ बोटांवर घेऊन आबा मोटारीच्या तोंडाशी उकिडवे बसले होते आणि शरयू हातात तांब्या धरून त्यांच्या खुणेची वाट पाहत होती. जाळीवर बसवलेली निजाम सरकारची गोल पितळी निशाणी ते आधी कोळानं घासत, मग राखेनं. मधल्या उर्दू अक्षरांच्या खाचांत करंगळीचं नख घालून मळ काढत. कोर्टाला सुट्टी होती, आणि सुट्टीच्या दिवशी तिचे वडील, सरकारी वकील श्रीपतराव, हे काम दुसऱ्या कुणाला करू देत नसत.

"वत."

तिनं ओतलं. जरा जास्तच. पाणी त्यांच्या धोतरावर उडालं.

"ध्यान कुठं हाय तुझं?"

"विमान गेल्यासारखं वाटलं, आबा."

"गेलं असंल. तू तांब्या सरळ धर."

जालन्यात त्या दिवशी कुणी घराबाहेर पडत नव्हतं. औरंगाबादेकडून भारताची फौज येत असल्याचं शेजारी भिंतीआडून कुजबुजत होते. शरयूनं सकाळपासून दोनदा केर काढला होता, पुस्तक उघडून एकच पान पुन्हा पुन्हा वाचलं होतं आणि शेवटी ते उशीखाली सारलं होतं.

तिचा थोरला भाऊ गजानन ओसरीवरून खाली आला.

"आबा, एक बोलू? निशाणी तेवढी काढून ठिवू. कणगीत, जोंधळ्याखाली. बिलकुल कळणार न्हाई कुणाला."

"का?"

"फौज आली, मंग? विचारलं तर?"

"सांगंन, निजाम सरकारचा वकील हाय म्हणून. आजपस्तोर दुसरं काय सांगत आलो?" आबांनी पंचाच्या टोकानं पितळ कोरडं केलं, मान तिरकी करून त्यात पाहिलं. "तुझी टोपी वाकडी हाय, गजानन. ह्यात सुदिक दिसून राह्यली."

गजाननानं हात वर नेला. डोक्यावर टोपी नव्हतीच. आबा खदखदा हसले. शरयूलाही हसू आलं, पण ते तिनं ओठातच ठेवलं. ती अंगावर खादी घालत होती, आणि त्या निशाणीकडं पाहून हसण्याची तिची रीत उन्हाळ्यापासून मोडली होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे आबा उठले नाहीत. गजानन अस्थी गोळा करायला निघाला, तेव्हा रस्त्यानं फौजेच्या गाड्या येत होत्या आणि लोक त्यांच्यावर फुलं टाकत होते. त्याला मडकं छातीशी धरून कडेला थांबावं लागलं.

तेरावं आटोपलं आणि काकासाहेब आले. निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या हद्दीपलीकडच्या छावणीतून नुकतेच परतलेले, उन्हानं रापलेले, गावातले आता सगळ्यांत वजनदार गृहस्थ. निजाम शरण आला होता; त्या विजयाच्या मिरवणुकीला उघडी मोटार हवी होती, आणि तशी मोटार या एकाच घरी होती. गजाननानं नको म्हणायचा प्रश्नच नव्हता. कापसाच्या जिनिंग कारखान्यातला फिटर पुंजाराम पान्हे घेऊन आला. काकासाहेबांच्या माणसानं तीन रंगांचा, मधे चक्र काढलेला पत्रा आणला. अंगणात गर्दी जमली.

"पुंजाराम, जल्दी."

"जल्दी करून काय हुतंय, साहेब? निजाम हलला, पण त्याचा इस्क्रू हलंना."

लोक हसले. पुंजारामनं घासलेट सोडलं, पान्ह्यावर सगळा भार टाकला, आणि एकदाची निशाणी सुटून मातीत पडली. जाळीवर तिच्याएवढंच एक गोल राहिलं, गर्द हिरवं, जसं मोटार घेतली तेव्हा होतं. बाकीचा सगळा रंग उन्हानं विटला होता हे शरयूच्या आजच लक्षात आलं.

पुंजारामनं पत्रा लावून पाहिला.

"ह्यो लहान पडतोय, साहेब. भवताली कड दिसून राह्यली."

"झेंडूचा हार घाला वरून," काकासाहेब म्हणाले, आणि गजाननाच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी आवाज जरा मोठा केला. "आज भाषणात सांगणार हाय मी. श्रीपतरावांनी ही निशाणी मुद्दाम ठिवली हुती. तिच्या आडून आपली माणसं हद्द ओलांडून वऱ्हाडात पार झाली. गुपचूप देशसेवा केली त्यांनी."

"जी," गजानन जमिनीकडं पाहत म्हणाला.

शरयूनं त्याला बाही धरून ओसरीच्या खांबाआड नेलं.

"आबांनी कुणाला पार केलं, दादा?"

"हळू बोल."

"कुणाला?"

"हे बघ, नवं सरकार कोर्टातली जुनी माणसं एकेक करून घरी बसवून राह्यलं. रात्रीतून कुणाला उचलतील, सांगता येत न्हाई. आपल्या घराकडं बोट करणारे कमी हायेत का? काकासाहेब सोताहून झाकून घेऊन राह्यले. झाकू दे."

"आबांनी चोरी केली होती का, झाकायला?"

"त्या निशाणीपायी तूच त्यांच्याशी बोलंनाशी झालतीस ना? मंग आता का पुळका येतोय तुला?"

तिनं पाण्याची बादली उचलून दुसऱ्या खांबाशी ठेवली, मग पुन्हा पहिल्या. गजानन म्हणाला ते खरंच होतं. उन्हाळ्यात, भर दुपारी, हसनाबादच्या दुर्गाबाई दारात आल्या होत्या. त्यांचा मुलगा धर्मराज निजामाविरुद्धच्या चळवळीत होता, तापानं फणफणला होता आणि पोलीस त्याच्या मागावर होते. हद्दीपलीकडं, देऊळगावराजापर्यंत मोटारीनं पोचवा, एवढंच त्या मागत होत्या. आबा म्हणाले, "बाई, मी कुणाला सांगणार न्हाई. पण ह्या मोटारीतून न्हाई नेणार. हिच्यावर माझ्या सरकारची निशाणी हाय." धर्मराज बैलगाडीतून निघाला आणि हद्द यायच्या आधीच वाटेत वारला. त्यानंतर शरयू आबांना जेवायला वाढत राहिली, पाणी ओतत राहिली, विचारलं तेवढं बोलत राहिली.

"मोटारीची पूजा करून घ्या," काकासाहेब म्हणाले. "हुतात्म्याची आई ओवाळंल. या, दुर्गाबाई."

गर्दीनं वाट दिली. हातमागाचं लुगडं नेसलेल्या, वाळून काटकी झालेल्या दुर्गाबाई ताट घेऊन पुढं आल्या. त्यांनी बोट कुंकवात बुडवलं. शरयू कधी पायऱ्या उतरली हे तिलाच कळलं नाही. तिनं ताटाची कड धरली.

"मावशी, थांबा. हे खरं नाही."

दुर्गाबाईंनी तिच्याकडं पाहिलं. आवाज दोघींपुरताच ठेवून त्या म्हणाल्या,

"ठावं हाय मला, माय. मीच न्हाई का आल्ते तुमच्या दारात?"

"मग?"

"मंग काय? माझं लेकरू गेलं, तुझा बाप गेला. तुझ्या भावाची लेकरं हायेत अजून घरात. काकासायबानं इचारलं, तवा मीच म्हणलं, व्हय, माणसं ह्याच मोटारीतनं पार झाली." त्यांनी ताट हलकेच आपल्याकडं ओढलं. "सोड. लावू दे."

शरयूनं कड सोडली नाही. ताटातला दिवा कलला, तेल कुंकवात सांडलं.

"काय झालं?" काकासाहेबांनी विचारलं. "ताई, काय म्हणणं हाय? मोठ्यानं बोला, समद्यांना ऐकू येऊ द्या."

खांबाजवळून गजानन मान हलवत होता. नको, नको. मागं त्याची दोन्ही मुलं उंबऱ्यावर उभी राहून मिरवणुकीची वाट पाहत होती. शरयूनं त्यांच्याकडं पाहिलं, मग दुर्गाबाईंकडं. ती बोलली तेव्हा तिचा आवाज अंगणभर गेला.

"आबा निजामाचे होते. मनापासून होते. मावशींच्या धर्मराजला नेता आलं असतं, त्यांनी नेलं नाही. त्याचा मला राग आहे, अजून आहे. पण माझे आबा तेच. दुसरे नकोत मला."